जुन्या लग्नाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या, आपल्या मराठवाड्यातल्या घरांसाठी सविस्तर

ज्यांच्या घरी १९८५ ते २००५ च्या मधली लग्नं, मुंजी, बारशी, सप्ताह, निवृत्तीचे सत्कार असलं काही शूट झालेलं आहे त्यांच्याकडं कॅसेट कुठंतरी पडलेल्या असणारच, शोकेसच्या खालच्या कप्प्यात नाहीतर पत्र्याच्या पेटीत नाहीतर पोटमाळ्यावर, आणि त्या काढायची वेळ आता आहे. पुढच्या दिवाळीला बघू असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांच्यातले बरेच जण आता व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, शोधत फिरायलेत.

कॅसेट खराब होईल ही भीती सगळ्यांनाच असते पण त्याच्या आधी मशीन संपायलंय हे लोकांच्या ध्यानात येत नाही. व्हीएचएस, म्हणजे मोठ्या व्हिडिओ कॅसेटची पद्धत, १९७६ ला जपानच्या जेव्हीसीनं आणलं, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे आज जे व्हीसीआर चालू आहेत ते सगळे जुनेच, त्यांचे हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घासलेले, रबराचे बेल्ट सैल झालेले, आणि पार्ट मिळंना झालेत. युनेस्को आणि आवाज-चित्रफितींचे संग्रह सांभाळणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना दोघांनी मिळून २०१९ मध्ये मॅग्नेटिक टेपबद्दल जगभर इशारा दिला होता, त्यात २०२५ च्या आसपास टेप कॉपी करायचं नेहमीचं काम बंद पडत जाईल असं म्हटलं होतं. ते वर्षपण आलं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, ही कॅसेट अजून एकदाच वाजणार आहे असं समजून कामाला लागा. खाली जे काही सांगतोय ते सगळं ह्या एका गोष्टीवरून आलेलं आहे.

आणि आपल्याकडं तर ह्याला जास्तच महत्त्व आहे. औसा, उमरगा, लोहारा ह्या पट्ट्यातल्या लोकांनी विचार करा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली आणि नंतर दुसऱ्या जागी नव्यानं वसवली. त्या जुन्या गावांतली माळवदाची घरं, दगडाच्या रुंद भिंती, ढाळज, वेशी, मारुतीचा पार, हे हलतं-बोलतं बघायचं असेल तर १९९३ च्या आधीची एखाद्या लग्नाची कॅसेट हीच जागा. कॅमेरावाला वरातीबरोबर गल्ल्यांमधून चालत जातो ना, तेव्हा नवरदेवापेक्षा मागचं गाव जास्त रेकॉर्ड होतं. असल्या भागातली कॅसेट तुमच्याकडं असेल तर ती नुसती तुमच्या घरची राहत नाही, सगळ्या गावाची होते, तिला आधी हात घाला.

आता पहिलं काम, कॅसेट कोणती ते ओळखा. मोठी, पुस्तकाएवढी ती व्हीएचएस. त्याच जातीतली छोटी एक असते व्हीएचएस-सी, ती अडॅप्टरमध्ये बसवून व्हीसीआरमध्ये चालते. ऑडिओ कॅसेटच्या आकाराची पण जाड ती व्हिडिओ८ किंवा हाय८, आणि हिच्यासाठी व्हीसीआरमध्ये घालायचा अडॅप्टर असतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, असला अडॅप्टर नसतो, तिला ८ एमएमचाच कॅमेरा किंवा प्लेअर लागतो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ती मिनीडीव्ही, २००० नंतर स्टुडिओवाले हीच वापरत होते, हिचा मामला वेगळा आहे, पुढं सांगतो.

ओळखली की लगेच रेकॉर्ड होऊ नये ह्याची सोय करा. व्हीएचएसच्या लेबल लावायच्या बाजूला कोपऱ्यात प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो, तो स्क्रू ड्रायव्हरनं मोडून टाका, मग चुकून रेकॉर्डचं बटन दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. हाय८ आणि मिनीडीव्हीला सरकवायची कळ असते. कव्हर, लेबल, आत ठेवलेली एखादी चिठ्ठी, सगळ्याचे मोबाईलनं फोटो काढून ठेवा कारण स्टुडिओचं नाव आणि तारीख बऱ्याचदा तिथंच सापडते.

मग कॅसेट तपासा, आणि हे घाईनं करू नका. टेप म्हणजे पॉलिस्टरची पट्टी आणि तिच्यावर चिकटद्रव्यानं बसवलेली चुंबकीय भुकटी, बहुतेक आयर्न ऑक्साइड. त्या चिकटद्रव्याला ओल लागली की ते चिकट होतं, मग टेप हेडला चिटकते, कर्रकर्र आवाज येतो, भुकटी सुटते. आपल्याकडची हवा कोकणासारखी दमट नाही हे आपलं नशीब, त्यामानानं बुरशी कमी लागते, पण मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याखाली ठेवलेली पेटी भट्टी होऊन जाते, तिथं टेप ताणली जाते, वाकडी होते. त्यात धूळ. खिडकीतून टॉर्च मारून रिळाच्या कडेकडं बघा, पांढरट पिठासारखं किंवा जाळीसारखं दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट अजिबात मशीनमध्ये घालायची नाही, कारण मशीनच्या हेडला लागून ती पुढच्या सगळ्या चांगल्या कॅसेटला लागेल. वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा, हाताळताना मास्क लावा, आणि ती मुंबई-पुण्यात टेप रिस्टोर करणाऱ्या माणसाकडंच द्या. चिकट झालेली टेप ओव्हनमध्ये भाजतात असले व्हिडिओ फिरतात, ते काम ठरावीक तापमानाच्या खास मशीनमध्ये, ठरावीक टेपवर करायचं असतं, घरच्या ओव्हनमध्ये करायला जाऊ नका, सगळं जाईल.

चांगली दिसली तर कॅसेट एक दिवस त्याच खोलीत राहू द्या जिथं काम करायचंय, पोटमाळ्यावरून उतरवून थेट मशीनमध्ये नको. पावसाळ्यात करत असाल तर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दोन-चार दिवस ठेवा, पण खरं म्हणजे दिवाळी ते शिवरात्र हा ह्या कामाचा सगळ्यात चांगला काळ, हवा कोरडी असते आणि ऊन कडक नसतं. वर्षानुवर्षं न लावलेली कॅसेट असेल तर प्ले करायच्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, एकमेकांवर दाबून बसलेले थर मोकळे होतात. फिरताना अडखळायली असं वाटलं तर लगेच थांबवा.

कॅसेटचा बाहेरचा डबा फुटलेला असेल किंवा टेप तुटली असेल तरी घाबरायचं कारण नाही, व्हीएचएसला मागून पाच स्क्रू असतात, एखादी निरुपयोगी कॅसेट उघडून तिच्या डब्यात आपली रिळं बसवता येतात. उघडताना आधी मोबाईलनं फोटो घ्या, आत छोट्या स्प्रिंग आणि गाईड असतात. तुटलेली टेप जोडायला साधा सेलोटेप चालत नाही, त्याचा गोंद पाघळून हेडवर बसतो, त्यासाठीची खास स्प्लायसिंग टेप मिळते ती वापरा आणि ती मागच्या बाजूनंच लावा, म्हणजे हेडला लागणारी बाजू मोकळी राहते.

व्हीसीआर कुठून आणायचा हा खरा प्रश्न. आधी नातेवाईकांमध्ये विचारा, मामाकडं, आत्याकडं, कुणाच्या तरी माळ्यावर असतो. नाहीतर जुने टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे जे काका असतात, प्रत्येक तालुक्याच्या गावात एखादा दुसरा अजून आहे, त्यांच्याकडं जा, त्यांच्या दुकानात मागच्या फळीवर मशीन असतंच आणि मुख्य म्हणजे बेल्ट बदलायचं, हेड साफ करायचं कसब त्यांच्या हातात आहे. त्यांना योग्य पैसे द्या, घासाघीस करू नका, हे काम जाणणारी माणसं मशीनसारखीच कमी होत चाललीत. संभाजीनगरकडचे लोक जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात नजर टाकू शकतात. घेताना मशीन चालवूनच घ्या.

आणलेल्या मशीनमध्ये घरची कॅसेट पहिल्यांदा घालायची नाही. एखादी जुनी सिनेमाची कॅसेट, जी गेली तरी चालेल, ती आधी लावा, दहा-पंधरा मिनिटं चालवा, पुढं-मागं फिरवा, बाहेर काढून टेपला सुरकुत्या किंवा चरे पडलेत का बघा. ती नीट निघाली तरच पुढं. हेड साफ करायचं असेल तर प्लग काढून, वरचं झाकण उघडून, ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल तंतू न सुटणाऱ्या कपड्याला लावून ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या गोल भागाला, नुसतं टेकवून धरायचं आणि ड्रम दुसऱ्या हातानं हळू आडवा फिरवायचा. वर-खाली अजिबात घासायचं नाही, हेड केसासारखं नाजूक असतं, मोडतं. कानातल्या कापसाच्या काड्या ड्रमला लावू नका, तंतू अडकतात.

आता जोडणी. व्हीसीआरच्या मागं पिवळं व्हिडिओचं आणि पांढरं-लाल आवाजाचं अशी भोकं असतात, जुन्या मशीनला आवाजाचं एकच असतं, ते चालतं. तिथून एव्ही केबल काढून यूएसबी कॅप्चर कार्डात, म्हणजे चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या छोट्या यंत्रात, आणि ते लॅपटॉपला. एस-व्हिडिओचं गोल भोक मशीनला असेल तर पिवळ्याऐवजी ते वापरा, रंग साफ येतो, पण बहुतेक घरगुती व्हीएचएसला ते नसतं. बाजारात एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा पांढरा डबा स्वस्तात मिळतो, टीव्हीवर बघायला ठीक आहे पण त्यातून रेकॉर्ड करू नका, चित्र ताणून रुंद करतो आणि हलणाऱ्या माणसांच्या कडा खराब करतो, एकदाच वाजणाऱ्या कॅसेटला हे परवडत नाही. सगळ्यात स्वस्त कॅप्चर कार्डसुद्धा टाळा, त्यांचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर कटकट करतात आणि उजेड-अंधार आपोआप कमी-जास्त होत राहतो. थोडे जास्त पैसे गेले तरी नावाजलेल्या कंपनीचं घ्या, दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर अंगावर येत नाही.

सेटिंगमध्ये पहिलं बघायचं ते पाल (PAL), म्हणजे आपल्याकडची व्हिडिओ सिग्नलची पद्धत. आपल्याकडच्या कॅसेट पालमधल्या, ६२५ लाईन, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून कॅप्चरचा आकार ७२० बाय ५७६ ठेवा. कार्ड बऱ्याचदा आपोआप एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर असतं, मग चित्र काळं-पांढरं येतं किंवा गरगर फिरतं आणि लोक कॅसेट गेली असं समजून सोडून देतात. उलट अमेरिकेतल्या काका-मामांनी पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससीची असू शकते, तिला ते सेटिंग लागेल आणि व्हीसीआरपण ते चालवणारा लागेल.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवायची गरज नाही. सोपा रस्ता ओबीएस स्टुडिओ, फुकट आहे. त्यात कॅप्चर डिव्हाइस जोडा, कॅनव्हास ७६८ बाय ५७६ ठेवा म्हणजे माणसं बारीक दिसणार नाहीत, ५० फ्रेम ठेवा, सोर्सवर राईट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये याडिफ २एक्स निवडा. जुन्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन भागात, एक आड एक लाईनीत रेकॉर्ड झालेली असते, म्हणून २५ च्या जागी ५० ठेवायच्या, आणि ते भाग नीट जोडले नाहीत तर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. ज्यांना अजून चांगलं करायचंय आणि डिस्कवर जागा आहे त्यांनी व्हर्च्युअलडब२ घ्यावं आणि हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ मध्ये, म्हणजे काहीही न गमावता रेकॉर्ड करावं, तासाला तीसेक जीबी लागते, पण ही मूळ प्रत झाली, तिच्यातून पुढं हवं तेव्हा हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरनं एच२६४ ची छोटी प्रत काढता येते, ती तासाला दोन-अडीच जीबीत बसते. मी तर म्हणतो लग्न, आजी-आजोबा, जुनं गाव असलं असेल तिथं मोठीच प्रत करा, बाकी हळदीतला दोन तासांचा नाच वगैरे छोट्यात चालेल. हार्ड डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची असू द्या, फॅट३२ वर ४ जीबीच्या वर फाईल जात नाही आणि रेकॉर्डिंग मधेच थांबतं.

लाईटीचं तर आपल्याकडं सांगायलाच नको. ओबीएसमध्ये फाईल एमकेव्ही ठेवा, एमपी४ नको, कारण मधेच लाईट गेली तर साधी एमपी४ फाईल बहुतेक उघडतच नाही आणि एमकेव्हीमध्ये तोवर झालेलं तरी वाचतं. लॅपटॉपला बॅटरी असते पण व्हीसीआर बंद पडतो आणि टेप ड्रमला गुंडाळलेली तशीच राहते, म्हणून व्हीसीआर इन्व्हर्टरवर लावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर आवाजात घरघर येऊ शकते, आधी पाच मिनिटं घेऊन हेडफोननं ऐका. घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, कधी कधी तेवढ्यानंच जाते.

रेकॉर्डिंग चालू करून शेतात निघून जाऊ नका, समोर बसा. वर किंवा खाली पांढरे पट्टे आले की ट्रॅकिंगचं बटन हळूहळू फिरवायचं, कॅमेरा बदलला की ट्रॅकिंगपण बदलतं. मशीनच्या मेनूत निळा स्क्रीन दाखवायचा ऑप्शन असेल तर तो बंद करा, नाहीतर सिग्नल जरा कमी झाला की मशीन चित्र झाकून निळं करतं आणि त्याखालचं अंधुक का होईना जे होतं ते जातं. कॅसेट संपली असं वाटलं तरी शेवटपर्यंत चालू द्या. मधेच काळं होऊन पाच-दहा मिनिटांनी परत काहीतरी निघतं, कुणाचं तरी बारसं, घराचा पाया, मळणी, हे लई वेळा होतं, कारण कॅसेट महाग होत्या आणि उरलेल्या जागेत लोक काहीही शूट करायचे.

चित्राचा वरचा भाग वाकायला लागला किंवा आवाज आणि ओठ पुढं-मागं व्हायला लागले तर सिग्नलची लय बिघडलेली असते. टाईम बेस करेक्टर नावाचं यंत्र हे सरळ करतं पण ते महाग, त्याऐवजी काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडले, व्हीसीआर ते रेकॉर्डर ते कॅप्चर कार्ड, तर बराच फरक पडतो. कुणाकडं पडला असेल तर लावून बघा.

मिनीडीव्हीचं आधी म्हटलं तसं वेगळं आहे. ती मुळातच डिजिटल आहे, त्यामुळं पिवळ्या वायरनं काढायची नाही, फायरवायर नावाच्या वेगळ्या केबलनं काढायची, सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याला आय-लिंक लिहिलेलं असतं. जुन्या डेस्कटॉपला फायरवायरचं कार्ड बसतं, विनडीव्ही नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, तासाला १३ जीबी लागते आणि जे टेपवर आहे ते जसंच्या तसं उतरतं. कॅमेऱ्याची यूएसबी केबल लावून काढलेलं तेवढं चांगलं येत नाही. आणि ज्यांना स्टुडिओवाल्यानं तेव्हा डीव्हीडी दिली होती त्यांनीपण निर्धास्त राहू नये, घरी किंवा दुकानात राईट केलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उडतो, ती आजच कॉपी करा.

स्वतः जमणार नसेल तर दुकानात द्या, त्यात कमीपणा नाही, पण चार गोष्टी आधी विचारा. फाईल देणार का डीव्हीडी, फाईलच घ्यायची. हार्ड डिस्क आमची घेणार का. मधलं काही कापणार का, सुरुवातीला फुलं आणि हार्ट टाकणार का, तर काहीच करायचं नाही असं सांगा. एआयनं चेहरे साफ करून देतो म्हणतात, मूळ प्रतीवर ते अजिबात नको, त्यात आजीचा चेहरा आजीचा राहत नाही. आणि सगळ्या कॅसेट एकदम देऊ नका, एक द्या, ती बघा, मग बाकीच्या, शक्यतो स्वतः नेऊन द्या.

फाईल झाली की बहुतेक लोक इथं थांबतात आणि मला सगळ्यात जास्त वाईट ह्याचंच वाटतं. पंगतीत वाढणारा माणूस कोण, पडवीत बसलेली म्हातारी कुणाची आई, हे सांगणारे लोक आता सत्तर-ऐंशीच्या पुढं गेलेत. त्यांना टीव्हीसमोर बसवा, घरात दुपारची शांतता असताना, आणि बाजूला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करत राहा. थांबवून थांबवून विचारा, हे कोण, हा वाडा कुणाचा, ही विहीर आता आहे का, बैलांची नावं काय होती. मग एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये मिनिट आणि नाव लिहून काढा, १२ व्या मिनिटाला निळ्या फेट्यातले ते धाकटे चुलते, असं. फाईलचं नाव वर्षापासून सुरू करा, १९९१-०५-लग्न-गावाचं नाव-कॅसेट १, म्हणजे सगळं आपोआप ओळीनं लागतं. तारीख माहीत नसेल तर कॅमेऱ्यानं कोपऱ्यात टाकलेली तारीख बघा, पण पत्रिकेशी ताडून घ्या, कॅमेऱ्याचं घड्याळ बऱ्याचदा चुकीचं असायचं.

व्हॉट्सअपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवला तर दाबून बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. यूट्यूबला टाकायचं तर अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक दिलेल्यांनाच दिसेल, स्टुडिओवाल्यांनी सिनेमाची गाणी भरलेली असतात त्यावर कॉपीराईटचा दावा अनलिस्टेडवरपण येऊ शकतो, पण त्यात दुसऱ्यांच्या लेकी-सुना आहेत, त्यांना न विचारता गावभर करणं बरोबर नाही. ज्या घरचं माणूस दिसतं त्यांना तेवढा तुकडा कापून द्या, लॉसलेसकट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं दर्जा न घालवता कापता येतं. गेलेल्या माणसाचा आवाज ज्यांच्याकडं कुठंच नाही असं घर प्रत्येक भावकीत असतं.

प्रती तीन करा, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावात, पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाकडं किंवा क्लाउडवर. गुगलचे फुकटचे १५ जीबी छोट्या प्रतींना थोडेफार पुरतात. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही डिस्क लावून दोन-चार फाईल उघडून बघायच्या, चार-पाच वर्षांनी डिस्क बदलायची.

मूळ कॅसेट फेकू नका, पूर्ण मागं फिरवून, पुस्तकासारख्या उभ्या, पत्र्यापासून आणि स्पीकरपासून लांब, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. आणि तुमचं काम झालं की व्हीसीआर लगेच भंगारात घालू नका किंवा झाकूनपण ठेवू नका. तो चालू आहे तोवर गल्लीत, भावकीत, शाळेतल्या जुन्या मास्तरांकडं विचारून बघा कुणाच्या कॅसेट राहिल्यात का, कॅप्चर कार्ड आहे, सेटिंग लावलेलं आहे, त्यांच्यासाठी तुमची एखादी दुपार जाईल फक्त.